माणदेशी वारं, तिसरी उसळी

म्हसवडचा डोंगर, बारामतीची धावपट्टी आणि पायलट होऊ पाहणारा एक पोरगा. हिरवळ नसलेल्या वीकएंडची ही गोष्ट.

वीकएंडला पुण्याबाहेर काढलेली गाडी आपोआप कुठं वळते? लोणावळा, महाबळेश्वर, फार तर कोकण. पाणी दिसलं पाहिजे, हिरवं दिसलं पाहिजे आणि फोटोच्या मागे काहीतरी झकास पाहिजे. माण तालुक्याकडे कुणी मुद्दाम वळलंच, तर तो एकतर गोंदवल्याला महाराजांच्या समाधीला निघालेला असतो, नाहीतर त्याचं गाव तिकडे असतं. माझं दुसऱ्यातलं. म्हसवडला माझी आत्या राहते.

माण म्हणजे सातारा जिल्ह्याची कोरडी बाजू. महाबळेश्वरला ढग पोटभर सांडतात आणि इथे पोचेपर्यंत रिकामे होतात. वर्षाला पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आतबाहेर, तोही मनात आलं तर. माणगंगा कुळकजाईजवळच्या सीतामाईच्या डोंगरात उगम पावते आणि म्हसवडवरून आटपाडी, सांगोल्याकडे जाते. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि वेड्या बाभळीच जास्त दिसतात. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, हा सगळा मुलूख म्हणजे माणदेश. सातारा, सांगली, सोलापूर हे जिल्हे सरकारी कागदावर. वारा मात्र सगळीकडे एकच.

वारा हीच इथली खरी श्रीमंती. माण-खटावच्या माथ्यांवर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या राहिल्या. घाट चढून वर आलात की काच खाली करा. जो फर्राटा तोंडावर येतो तो लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

पायलटची आई म्हसवडला

माझा आतेभाऊ पायलट होतोय. मामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, तमिळनाडूत गलाईचा धंदा आहे. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. खानापूर, आटपाडी, माण या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं याच धंद्यापायी देशभर पसरली आहेत. गावात पाणी नाही, मग जगायला बाहेर जायचं आणि सणाला परत यायचं, हा इथला जुना शिरस्ता. पोराने मात्र जरा जास्तच लांबचं तिकीट काढलं.

कमर्शियल पायलट लायसन्स म्हणजे काय खायचं काम नाही, बरं का! आपल्याकडे त्यासाठी किमान २०० तास उडावं लागतं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी तुमच्या एकट्याच्या डोक्यावर. शिवाय हवामान, नॅव्हिगेशन, नियम यांच्या परीक्षा, रेडिओचं वेगळं लायसन्स, मेडिकल. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. इन्स्टॉलमेंटवर बाइक घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा ऐकूनच घाम फुटतो. मामांनी त्यासाठी दुकानातली भागीदारी कमी केली, थोडं कर्ज काढलं. आत्या बचत गटात ‘माझा मुलगा पायलट’ असं सांगायला लागली.

आणि २०२५ च्या पावसाळ्यानंतर एका दुपारी, एकटाच सर्किट मारत असताना, पोराने उतरताना विमान धावपट्टीबाहेर घातलं.

हे घडलं राज्याबाहेरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये. नाव नको, कारण मुद्दा तो नाही. त्याला खरचटलंसुद्धा नाही. विमानाचा पुढचा पाय मुडपला, प्रोपेलर जमिनीला लागला, आणि गवतात नाक खुपसून विमान थांबलं. चौकशी सुरू झाली, त्याचं उडणं थांबलं, आणि दिवाळीला तो घरी आला तो परत जायचं नावच काढेना. आत्याने मला फोन केला: “तू ये. तुझ्याशी तरी बोलंल.”

जमिनीजवळचे वीस सेकंद

पहिल्या दिवशी तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं राजेवाडीच्या तलावावर गेलो. हा ब्रिटिशांच्या काळातला तलाव. पाणी बऱ्यापैकी होतं, त्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या पडत होत्या. त्या बघत तो एकदम सुरू झाला.

त्याचं विमान होतं सेस्ना १५२. दोन सीटचं, ११० हॉर्सपॉवरचं. पूर्ण भरून वजन ७५७ किलो, म्हणजे रिकाम्या मारुती ८०० पेक्षा शंभरेक किलोच जास्त. कंपनीने हे मॉडेल १९८५ मध्ये बंद केलं. म्हणजे शिकवणारं विमान शिकणाऱ्यापेक्षा वयाने मोठं! पण साधं आणि माफ करणारं, म्हणून जगभरच्या पोरांनी त्यावर हात साफ केले.

उतरायचा फंडा ऐकायला सोपा आहे. धावपट्टीला समांतर जायचं, दोनदा वळायचं, सरळ रेषेत यायचं. वेग साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. एक्स्प्रेस वेवरच्या गाडीइतकाच. धावपट्टीवर आलं की थ्रॉटल बंद, आणि जमिनीपासून थोडं वर असताना नाक हळूच उचलायचं. याला म्हणतात फ्लेअर. मग विमान आपोआप दमतं, वेग उतरतो, आणि मागची दोन मोठी चाकं आधी टेकतात. पुढचं चाक नाजूक असतं. ते सगळ्यात शेवटी, अलगद.

“आणि चुकतं कुठं?” मी विचारलं.

“सगळीकडे,” तो म्हणाला.

नाक उशिरा उचललं तर पुढचं चाक आधी आपटतं. विमान चेंडूसारखं उसळतं. घाबरलेल्या माणसाचा हात काय करतो? नाक खाली दाबतो. कारण विमान वर चाललंय आणि आपल्याला तर खाली यायचंय! त्यामुळे ते पुन्हा नाकावर आपटतं आणि आधीपेक्षा जोरात उसळतं. विमानाच्या हालचालीपेक्षा माणसाचा हात एक पाऊल मागे असतो, म्हणून प्रत्येक सुधारणा उलटीच पडते. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी. तिसऱ्या उसळीला बहुतेक वेळा पुढचा पाय जातो. वैमानिकांच्या जगात ही तिसरी उसळी बदनाम आहे.

त्यात बाजूचा वारा. विमानाचं शेपूट म्हणजे वातकुक्कुटाचं शेपूट. वारा डावीकडून आला की नाक डावीकडे वळायला बघतं. ते सरळ ठेवायचं काम हाताचं नाही, पायांचं. गाडी चालवणाऱ्यांची इथेच गोची होते. जमिनीवर विमान वळलं की आपण स्टिअरिंग समजून हातातलं चाक फिरवतो, आणि त्याने विमान वळतच नाही, फक्त पंखांवरच्या फळ्या हलतात. मग एका बाजूचा ब्रेक जोरात दाबला जातो आणि विमान गर्रकन फिरतं. सेस्ना १५२ च्या पुस्तकात कंपनीने उतरून दाखवलेला बाजूचा वारा आहे १२ नॉट, ताशी जेमतेम २२ किलोमीटर. माणदेशात एवढ्या वाऱ्याला कुणी वारा म्हणतही नाही. दोरीवरचं धोतर फडफडलं, एवढंच.

“वाऱ्यात वाढलो रे मी,” तो म्हणाला. “आणि त्या दिवशी वाराच वाचता आला नाही.”

एवढं सगळं घडलं साधारण वीस सेकंदांत.

सुटकेचं बटण

पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. पहिल्या उसळीनंतर करायचं काय असतं मग? काहीच उपाय नाही?

आहे. आणि तो पहिल्या दिवसापासून शिकवतात. थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक योग्य जागी, आणि परत हवेत. याला गो-अराउंड म्हणतात. उतरणं रद्द करून पुन्हा एक चक्कर मारून यायचं. चाकं टेकून उसळलेलं विमानसुद्धा असं परत वर नेता येतं. सुटकेचं हे बटण सगळा वेळ उजव्या हाताखाली असतं.

“मग दाबलं का नाहीस?”

खूप वेळ तो गप्प राहिला. तलावावर एक खंड्या सूर मारून गेला. मग म्हणाला, “आधी दोनदा गो-अराउंड केलं होतं. बॅचमधली चार पोरं हँगरच्या बाहेर बसून बघत होती. तिसऱ्यांदा वर गेलो असतो तर संध्याकाळी मेसमध्ये माझी फुल टू खेचली असती. आणि पपांचा मीटर रिक्षापेक्षा जोरात पळत होता ना! वाटलं, बसवून टाकू कसंही.”

बॉस, हे वाक्य तुम्ही कधी ऐकलंय का? मी रोज ऐकतो, ऑफिसात. प्रोजेक्ट फसतोय हे सगळ्यांना दिसत असतं, डेडलाइन जवळ येत असते, आणि ‘थांबा, पुन्हा करू’ असं म्हणायची कुणाची हिंमत नसते. बसवून टाकू कसंही. आपल्याकडे त्याने फार तर अप्रेझल बिघडतं. तिकडे नाकाचं चाक मोडतं.

गंमत म्हणजे गो-अराउंडचा वेळही लॉगबुकात उडण्याचा वेळ म्हणूनच मोजला जातो. म्हणजे तास वाया जातच नाहीत. वाया जातो तो फक्त इगो.

शिंगणापूर उतरून बारामती

तिसऱ्या दिवशी पहाटे मी त्याला उठवलं आणि म्हणालो, चल, बारामतीला. विमानं बघू. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण गाडीत बसला.

म्हसवडहून शिखर शिंगणापूर, मग घाट उतरून नातेपुते, मग नीरा ओलांडून बारामती. दोनेक तासांचा हा रस्ता प्रत्येक मराठी माणसाने एकदा करावा. शिंगणापूरला शंभू महादेवाच्या देवळातून खाली बघितलं की एका नजरेत दोन महाराष्ट्र दिसतात. मागे माणचं खडकाळ, फिकं माळरान. पुढे कालव्याच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस. मध्ये फक्त एक डोंगर.

वाटेत धनगरांचा वाडा चालला होता. दिवाळी झाली की मेंढरं चारायला बाहेर पडायचं आणि पावसाळ्याला परत यायचं, हे यांचं वर्षाचं चक्र. घोड्यावर बिऱ्हाड, वर खुराड्यात कोंबड्या, मागे मेंढरांची लांब ओळ. ‘बनगरवाडी’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर याच मुलखातले, आटपाडीजवळच्या माडगूळचे. म्हातारबाबांनी तंबाखू मागितली. कुठं चाललात विचारलं. विमानं बघायला, म्हटल्यावर ते हसले. “आमची मेंढरं वाऱ्याकडं पाठ करत्यात. तुमचं इमान काय करतं?”

“तोंड करतं,” भाऊ म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

बारामतीची धावपट्टी गोजुबावीच्या बाजूला, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर. तिला दोन नावं आहेत, ११ आणि २९. होकायंत्रावर ११० अंशांकडे तोंड असलेली बाजू ११, आणि उलटी २९. वारा जिकडून, तिकडे तोंड करून उतरायचं. म्हातारबाबांना दिलेलं उत्तर इथे डांबरावर रंगवलेलं असतं. आसपासच्या गावांना शिकाऊ विमानांची घरघर इतकी सवयीची झालीये की गुरंसुद्धा मान वर करत नाहीत.

पण सवय म्हणजे धोका नाही, असं नव्हे. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेली एक शिकाऊ पायलट एकटीच उडत होती. तिचं सेस्ना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. ती जखमी झाली, पण वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला, चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं बारामतीजवळ पडली. त्यानंतर डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं. ९ ऑगस्ट २०२५ च्या सकाळी उतरलेलं एक शिकाऊ विमान बाजूला घसरलं आणि पुढच्या चाकाची मोडतोड झाली. आतला पायलट सुखरूप राहिला. आणि आम्ही जाऊन आल्यावर दोन-अडीच महिन्यांनी, २८ जानेवारी २०२६ ला, याच विमानतळावर उतरताना झालेल्या जेट विमानाच्या अपघातात उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. ते शिकाऊ विमान नव्हतं आणि तिथली परिस्थितीही वेगळी होती. पण उतरणं हा प्रवासाचा किती नाजूक तुकडा आहे, हे त्या सकाळी साऱ्या महाराष्ट्राला कळलं.

त्या नोव्हेंबरच्या सकाळी मात्र हवा शांत होती. कुंपणाबाहेरच्या रस्त्याला गाडी लावून आम्ही चहाच्या थर्मासबरोबर बसलो. पहिलं विमान सुरेख टेकलं. दुसरं जरा धपकन. तिसरं थोडं उंचावरून आलं. अर्ध्या धावपट्टीपर्यंत तरंगतच राहिलं, आणि मग एकदम इंजिनाचा आवाज वाढला. विमान वर. गो-अराउंड.

“गुड,” भाऊ पुटपुटला.

तेच विमान चक्कर मारून आलं, आणि पुन्हा वर गेलं. तिसऱ्या खेपेला टेकलं. चौथ्यांदा आलं असतं तरी आमच्यापैकी कुणी हसलं नसतं. आत कोण होतं, मुलगा की मुलगी, आम्हाला कधीच कळलं नाही. पण लांबून बघणाऱ्याला हे किती साधं दिसतं, हे त्याने त्या दिवशी पाहिलं. हँगरबाहेर बसलेल्या त्या चार पोरांनाही बहुधा तसंच दिसलं असतं.

परतीच्या वाटेवर मी त्याला ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट सांगितली. ऑगस्ट २०१९ ची, पर्थजवळच्या जंडाकॉट विमानतळावरची. तिसऱ्याच धड्याला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या शेजारी त्याचा इन्स्ट्रक्टर हवेत बेशुद्ध पडला. विमान हेच, सेस्ना १५२. विद्यार्थ्याने आयुष्यात कधी विमान उतरवलेलं नव्हतं. टॉवरमधल्या माणसाने रेडिओवरून एकेक पायरी सांगितली आणि तो नीट उतरला. भाऊ म्हणाला, “त्याला कुणापुढं भारी दिसायचं नव्हतं ना. सांगतील तसं ऐकलं त्याने.” हे त्याचं त्यालाच सुचलं, म्हणून मी पुढे काही बोललो नाही.

हात भाजलेली माणसं

रात्री आत्याने बाजरीची भाकरी, मटकी आणि हुलग्याचं माडगं केलं होतं. जेवता जेवता मामांनी आपले दोन्ही हात ताटाशेजारी उपडे ठेवले. बोटांवर ॲसिडचे जुने पांढरे डाग. “आरं, गलाईत पहिल्या वर्षी हात भाजला न्हाय असा एक माणूस दाखव. मी बी पळून आलो हुतो गावाकडं. आज्यानं आठ दिवस जेवाय घातलं आन् नवव्या दिवशी गाडीत बसवलं.” मग थोडं थांबून, “पैशाची काळजी तू करू नगंस. आन् परत वर जावंसं वाटलं तर धा येळा जा. मीटर मी बघतो.”

माण हा परत येणाऱ्यांचा मुलूख आहे. मेंढरं परत येतात, गलाईवाले परत येतात. इथे कुणी रिकाम्या हाताने परतलं तरी भाकरी मिळते, आणि मग पुन्हा निघायचं. २०१८ मध्ये याच तालुक्यातल्या टाकेवाडीने वॉटर कपमध्ये राज्यात पहिला नंबर काढला तो उगाच नाही. आधी किती पावसाळे हुकले असतील, याचा हिशोब कुणी ठेवला? मोही गावची ललिता बाबर याच माळावर पळत पळत २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या फायनलला पोचली.

भाऊ नोव्हेंबरअखेर परत गेला. आधी इन्स्ट्रक्टरबरोबर उजळणीचे तास, मग परीक्षा, मग पुन्हा एकट्याने. जानेवारीत त्याचा मेसेज आला: ‘सोलो झाला. ३ गो-अराउंड, १ लँडिंग.’ खाली हसरा चेहरा. आत्याने तो मेसेज बचत गटात वाचून दाखवला. गो-अराउंड म्हणजे काय, हे आता म्हसवडच्या पंधरा-वीस बायकांना पाठ आहे.

जायचंय?

कसं जाल: पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, मग मोगराळे घाट चढून दहिवडी. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. पुढे गोंदवले आणि म्हसवड. येताना शिंगणापूर, नातेपुते, बारामतीमार्गे या.

काय पाहाल: म्हसवडचं सिद्धनाथ मंदिर (मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथयात्रा असते), राजेवाडी तलाव, शिखर शिंगणापूर, गोंदवले. चैत्रात शिंगणापूरची यात्रा आणि मुंगी घाटातून चढणाऱ्या कावडी बघाच.

काय खाल: बाजरीची भाकरी, ठेचा, मटकी, माडगं. मटण खाणाऱ्यांनी माणदेशी मटण चुकवू नये.

कधी जाल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. विमानं बघायची तर सकाळीच; दुपारी जमीन तापली की हवा उकळल्यासारखी हलते आणि छोटी विमानं तिच्यात हेलकावे खातात. कुंपणाच्या बाहेरच थांबा आणि ड्रोन घरीच ठेवा. वर कुणीतरी शिकतंय.